आठवड्यातली एक पहाट एकट्याने पळा

पुण्यात पळणाऱ्यांना आता तोटा नाही. रविवारी सकाळी तळजाईला जा नाहीतर वेताळ टेकडीला, एकसारख्या टी-शर्टांचे घोळके भेटतात. मनगटावर घड्याळ, कानात गाणी, पळून झालं की फोटो आणि मग इडली-वडा. यात वावगं काही नाही. गटाची लाज असते म्हणूनच पुष्कळजण अंथरूण सोडतात. माझं सांगणं एवढंच, की आठवड्यातली एक पहाट गटाला देऊ नका. त्या दिवशी एकटे पळा आणि कान मोकळे ठेवा.

एकांतासाठी माणसं लांबलांब जातात, पैसे मोजतात. शहरातही तो मिळतो, फक्त फार लवकर संपतो. सूर्य उगवायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी पायाखालचं दिसण्याइतका उजेड होतो. तिथून पुढे वर्दळ सुरू होईपर्यंतचा वेळ तुमचा. पुण्यात जानेवारीत सूर्योदय सातनंतर होतो, जूनच्या सुरुवातीला सहाच्या आसपास. म्हणून गजर वर्षभर एकाच वेळेचा लावू नका, सूर्योदय बघून पुढेमागे करा.

चालायला गेलं तरी चालेल की, असं कोणी म्हणेल. जरूर चाला. पण चालणाऱ्याला ओळखीचे लोक थांबवतात आणि सोसायटीच्या पाण्यापासून भाच्याच्या लग्नापर्यंत सगळं काढतात. पळणाऱ्याला हात करून सोडून देतात. शिवाय टेकडीची वाट दगडाधोंड्यांची, मुळांची. पाऊल बघून टाकावं लागतं, त्यामुळे ऑफिसातली भांडणं डोक्यात फार वेळ टिकत नाहीत. वेग मात्र बेताचा हवा. दोन वाक्यं सलग बोलता आली पाहिजेत. त्याहून जोरात पळालात तर स्वतःच्या धापेखेरीज काही ऐकू येणार नाही.

आणि ऐकण्यासारखं पुष्कळ असतं. पहाटे वारा पडलेला, रस्ते शांत, त्यामुळे आवाज लांबवर पोचतो. किडे शोधायला पुरेसा उजेड नसतो, म्हणून पक्षीही त्या वेळात गाऊन घेतात. अंधार असतानाच कोतवाल बोलायला लागतो. थंडीत गप्प असलेला दयाळ उन्हाळ्याच्या तोंडावर शेंड्यावर बसून शीळ घालतो. तांबटाची टुकटुक फेब्रुवारीपासून वाढत जाते. मे संपत आला की पावश्या ‘पेरते व्हा’ सुरू करतो. वेताळ टेकडीवर मोरांची साद तर कोणालाही ओळखता येते. महिन्याला एक आवाज शिका, वर्षात बारा होतील.

झाडांचंही तसंच. माघ-फाल्गुनात काटेसावर आणि पांगारा पानं टाकून लाल फुलतात. त्याच सुमारास गुलाबी फुलांनी भरलेली झाडंही दिसतात. ती बहुतेक गिरिपुष्पाची, म्हणजे उंदीरमारीची. दिसायला सुरेख, पण मूळची मध्य अमेरिकेतली, झटपट वाढतात म्हणून लावलेली. अशा दाट लागवडीखाली आणि मोकळ्या गवताळ पठारावर पक्षी सारखेच दिसतात का, हे आपले आपण तपासा.

थोडं व्यवहाराचं. थंडीत गार हवा खाली साचते आणि शेकोट्यांचा, गाड्यांचा धूरही तिच्यात अडकून राहतो. त्या दिवसांत नदीकाठच्या रस्त्यापेक्षा टेकडी बरी. अंधारात निघणार असाल तर बॅटरी हवीच, कारण घोणस वाटेत वेटोळं घालून पडलेली असू शकते. कुठल्या वाटेने जाणार, कधी परतणार, हे घरी सांगून जा. फोन खिशात असू द्या, पण आवाज बंद ठेवून. ज्या बायकांना निर्जन वाटेवर एकटं जाणं सुरक्षित वाटत नाही, त्यांनी मैत्रिणीला घेऊन जावं. दोघींनी पन्नास पावलांचं अंतर ठेवून, न बोलता पळावं. एकांत तेवढ्यातही मिळतो. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबट्यांचा वावर आहे. तिथे दार उघडण्याच्या वेळा पाळा आणि अंधारात एकटं धाडस करू नका.

मळलेली वाट सोडू नका. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, ती खड्यांसारखी दिसतात आणि बुटाखाली सहज जातात. स्पीकरवर गाणी नकोत, मग ती भक्तिगीतं का असेनात.

याचा उपयोग काय, असं विचाराल तर एक आठवण करून देतो. बालभारती ते पौड फाटा रस्त्यासाठी वेताळ टेकडीला हात लागणार म्हटल्यावर 2023 च्या एप्रिलमध्ये पुणेकर मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरले. टेकडी म्हणजे नकाशावरचा हिरवा ठिपका असं ज्याला वाटतं, तो अशा वेळी घरी बसतो. कुठल्या झाडावर कोण बसतं हे ज्याला ठाऊक असतं, त्याला बसवत नाही. ही ओळख घोळक्यात गप्पा मारत पळून होत नाही.

तेव्हा गटात आजच कळवून टाका की येत्या रविवारी तुम्ही नसाल. कारण विचारलं तर खरं ते सांगा. त्यांच्यातलाही एखादा पुढच्या रविवारी सुट्टी मागेल.