विश्लेषण : हॉटेलात ‘स्विमिंग पूल’ आहे, पण पोहता येईल का?

गोव्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होणाऱ्या ‘आयर्नमॅन ७०.३’ची सुरुवात मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहून होते. त्याआधी चार-सहा दिवस रजा काढून गोव्यात सराव करावा, असा बेत अनेक हौशी स्पर्धक आखतात. बेत उत्तम. फसतो तो हॉटेल निवडताना. संकेतस्थळावर ‘स्विमिंग पूल’ दिसला की आरक्षण करून मोकळे होतात.

हॉटेलच्या तलावात अडचण कोणती?

हा तलाव बहुधा पोहण्यासाठी नसतोच, डुंबण्यासाठी असतो. त्याची लांबी १२ मीटर धरली तर तीन किलोमीटरसाठी २५० फेऱ्या होतात. ५० मीटरच्या तलावात ६०. प्रत्येक वळणावर भिंतीला पाय लावून ढकलले की शरीर काही मीटर आयतेच सरकते. म्हणजे अंतर कागदावर पूर्ण होते, हात मात्र तेवढे चालत नाहीत. समुद्रात भिंत नसते. शिवाय तलाव उथळ असेल तर कोलांटी वळण घेताना डोके आपटण्याची भीती. पाण्याचे तापमानही पाहावे. स्पर्धेच्या तलावात ते २५ ते २८ अंश सेल्सिअस राखतात. त्याहून कोमट पाण्यात गप्पा छान रंगतात, जोरदार सराव झेपत नाही.

वेळेचे दुखणे वेगळेच. पहाटे साडेपाचला पाण्यात उतरायचे, तर तलाव उघडणार आठला. आणि तेव्हा रबरी बदके घेतलेली मुले आधीच हजर! त्यांची काही चूक नाही, सुट्टी त्यांचीही आहे.

मग खोली कुठे घ्यावी?

आधी तलाव, मग हॉटेल. पणजीत कांपाल येथे २०२३च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतील जलतरण झाले. अशा तलावापासून चालत जाता येईल असे साधे लॉज समुद्रदर्शनी पंचतारांकित खोलीपेक्षा सरस. मात्र खोलीचे पैसे भरण्याआधी तलावाच्या कार्यालयात फोन करावा. बाहेरगावच्या व्यक्तीला चार दिवसांचा प्रवेश मिळतो का? साप्ताहिक सुट्टी कधी? प्रशिक्षण वर्गांसाठी किती लेन अडवल्या जातात? त्याच आठवड्यात एखादी स्पर्धा असेल तर सगळेच मुसळ केरात.

हॉटेलच्या तलावावरच भिस्त असेल, तर लांबी मीटरमध्ये विचारावी. ‘मोठा आहे, साहेब’ हे उत्तर नव्हे.

समोरच समुद्र आहे, तलाव हवाच कशाला, असेही काही म्हणतात. सरावातले एक-दोन दिवस समुद्रात जायलाच हवे. लाटा आणि दिशा धरणे तलावात शिकता येत नाही. पण पावसाळ्यात लाल बावटा असताना मुळीच नाही, आणि एरवीही जीवरक्षक जागेवर असताना, भडक रंगाची टोपी घालून, सोबत कुणी असेल तरच. एकट्याने प्रवासाला जाणाऱ्याने सोबतीची ही व्यवस्था खोलीच्याही आधी करावी.