घास गालात धरून बसलेलं मूल

शेपू फोडणीला पडला की आमच्या घरातली निम्मी पोरं ‘भूक नाही’ म्हणायची. भिजवलेली मूगडाळ, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, एवढं सगळं पडूनही तो वास हटत नाही. जेवण झाल्यावर ढेकरेतही तोच येतो. मोठी माणसं बाजरीच्या भाकरीबरोबर हीच भाजी दोनदा मागून घेतात. मुलाला मात्र ती नको असते आणि का नको, ते त्याला सांगता येत नाही. मग ते घास तोंडात घेतं, एका गालात सारतं आणि तसंच बसून राहतं. चावत नाही, गिळत नाही. गाल फुगलेला, डोळे भरलेले, हात पाण्याच्या पेल्यावर. आजूबाजूला सगळे ‘गीळ, गीळ’ म्हणत असतात.

प्रत्येकाचं वैर वेगळ्या पदार्थाशी. कुणाचं कारल्याशी, कुणाचं दुधीशी, कुणाचं बुळबुळीत घोसाळ्याशी. दुधावरची साय ओठाला लागली तर अंगावर काटा येतो, अशी माणसं साठीतही भेटतात.

या सगळ्यांना नियम एकच: ताटात टाकायचं नाही. मी शाळेसाठी तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहिलो. तिथे ताटं धुण्याच्या नळाजवळ गृहपाल उभे असत. ताटात काही उरलेलं दिसलं की मुलाला परत पंगतीत बसवत. मुलं वांग्याच्या फोडी चड्डीच्या खिशात घालून बाहेर नेत. कितीतरी खिशांना तेलाचे डाग असत. माझ्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा दुधीच्या फोडी न चावता पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायचा. आज त्याला मुलंबाळं आहेत, पण दुधी तो घरात आणू देत नाही. धाक घालून खाऊ घातलेल्या अन्नाचं पुढे काय होतं, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

हा नियम आला कुठून, ते मला आजीमुळे कळलं. १९७२च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात असे. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची. ज्वारीचीच जात, पण आपल्या शाळूची गोडी तिला नाही. पिठाला चिकटा नसल्यामुळे भाकरी थापताना कडा चिरायच्या, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे व्हायचे. तांबडी, कोरडी भाकरी. कालवण नसेल तर घशाखाली उतरत नसे. मुलं ती बघून रडायची आणि रडत रडत खायची, कारण घरात दुसरं काहीच नसायचं. कामावर वाटलेली सुकडी आजी स्वतः न खाता पदराला बांधून त्यांच्यासाठी आणायची. हे दिवस काढलेल्या बाईने नातवाच्या ताटात उरलेला शेपू पाहून गप्प बसावं, असं मी कधीच म्हणणार नाही. “ताटात टाकू नगं रं लेकरा,” असं ती म्हणायची तेव्हा तिच्या आवाजात भीती असायची. अन्न संपण्याची भीती. तिच्या पिढीतल्या अनेकांना ती शेवटपर्यंत सोडून गेली नाही.

आजीचं खरं होतं, तसंच मुलाच्या जिभेचंही खरं असतं.

१९३१ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ एका रसायनाची पूड हाताळत होते. थोडी पूड हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, हे भलतंच कडू आहे. फॉक्स यांना कसलीच चव लागली नव्हती. मग त्यांनी ती पूड बऱ्याच जणांना चाखायला दिली. काहींना ती जहर कडू लागली, काहींना बेचव. हा फरक आनुवंशिक असल्याचं पुढे सिद्ध झालं आणि २००३मध्ये त्यामागचा मुख्य जनुकही सापडला. कडू चव ओळखणारे ग्राही माणसाकडे सुमारे २५ प्रकारचे असतात आणि ते प्रत्येकाचे सारखे नसतात. वनस्पतींमधली बरीच विषं कडू असतात, म्हणून तान्ह्या बाळाच्या जिभेला कडू थेंब लागला तरी ते तोंड वाकडं करतं. दोन ते सहा या वयात तर अनोळखी पदार्थाचा संशय सगळ्यात जास्त असतो. म्हणजे एकाच कढईतलं कारलं बापाला खमंग आणि लेकीला असह्य लागू शकतं. तिला ‘नाटकं करू नकोस’ म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

सक्तीचा उपयोगही होत नाही. लीअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियात लहान मुलांना मक्याचं आणि भोपळ्याचं अशी दोन सूप आठवड्यामागून आठवडे दिली. एका सुपाच्या वेळी ‘संपव बघू’ असा सारखा लकडा लावला, दुसऱ्याच्या वेळी कुणी काही बोललं नाही. लकडा लावलेलं सूप मुलांनी कमी खाल्लं आणि त्याला नावंही जास्त ठेवली. हा अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या कितीतरी आधी, १९२८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, क्लारा डेव्हिस या डॉक्टरबाईंनी अंगावरचं दूध नुकतंच तुटलेल्या बाळांपुढे सगळं साधं, सकस अन्न मांडून काय आणि किती खायचं ते बाळांवर सोडलं होतं. परिचारिकांना आग्रह करायची बंदी होती. बाळं चांगली वाढली. मुडदूस झालेलं एक बाळ तर कॉड माशाच्या यकृताचं तेल बरं होईपर्यंत आपणहून पीत राहिलं. यातली मेख ही की ताटात काय ठेवायचं ते मोठ्यांनीच ठरवलं होतं आणि त्यात गोडधोड काही नव्हतं. बिस्किटांचा पुडा समोर ठेवून मुलाला निवड करायला सांगणं हा त्या प्रयोगाचा अर्थ नव्हे.

हे शहाणपण आपल्याकडेही आहे. गुढीपाडव्याला कडुलिंबाची कोवळी पानं गूळ, ओवा, हिंग, चिंच घालून वाटतात आणि चिमूटभर चटणी सगळ्यांच्या हातावर ठेवतात. मूलही तोंड वेडंवाकडं करत ती खाऊन टाकतं, कारण घरातला प्रत्येक जण ती खात असतो आणि वाटीभर खा असं कुणी म्हणत नाही. कारल्याला मीठ चोळून, पिळून, वर तीळ-खोबरं आणि चिंच-गूळ घालणाऱ्या बायकांनाही जिभेची ही अडचण पुरती माहीत होती.

एखादी चव मुलाच्या अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा ती समोर यावी लागते. आपण दोन-तीनदा वाढतो, भांडतो आणि सोडून देतो. आई-बाबांना आणि आजी-आजोबांना माझी एवढीच विनंती आहे: पुढच्या वेळी घरात शेपू किंवा कारलं झालं की मुलाच्या ताटात चमचाभरच वाढा. त्याच्या तोंडाकडे बघू नका, आपण जेवा. त्याने ठेवलं तर तो चमचाभर आपल्या ताटात घ्या, म्हणजे अन्नही वाया जाणार नाही. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा वाढा.