टँकरच्या पाठीवरची पाटी

२३ सप्टेंबर २०२३ रोजी कल्याणजवळच्या शहाड येथील सेंच्युरी रेयॉन कारखान्यात कार्बन डायसल्फाइडच्या वाहतुकीसाठीच्या टँकरचा स्फोट झाला. कामगारांचे जीव गेले, आसपासच्या वस्त्या हादरल्या. स्फोट निदान कुंपणाच्या आत झाला. पण टँकरला चाके असतात. हे रसायन ९० अंशांच्या आसपास ठिणगीशिवायही पेट घेते. तापलेला सायलेन्सरही त्याला पुरतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत आणि गटारांतून सरकते. कल्याण-बदलापूर रस्त्यावर संध्याकाळच्या कोंडीत असा टँकर कलंडला, तर काय होईल?

कायद्याने याचा विचार केलेला आहे. १९८९च्या मोटार वाहन नियमांनुसार अशा वाहनाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे रसायनाचे नाव, धोक्याचा वर्ग व तातडीचे दूरध्वनी क्रमांक असलेली पाटी लागते. रासायनिक अपघातांविषयीच्या १९९६च्या नियमांनुसार औद्योगिक क्षेत्रातील स्थानिक आपत्ती गटाने दरमहा बैठक घ्यायची आणि नागरिकाने मागितल्यास माहिती द्यायची. आता अंबरनाथ, बदलापूर किंवा उल्हासनगरातल्या कोणत्याही रिक्षा स्टँडवर विचारून पाहा: या गटात कोण आहे? वायू पसरला तर पळायचे कुठे? ज्यांनी ती पाटी वाचायची, त्यांना ती वाचायला कोणी शिकवलेच नाही.

बिनपाटीच्या टँकरचे तर विचारूच नका. नोव्हेंबर २०१४च्या अखेरीस वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतले गेले आणि विषारी वायूने उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावे लागले. कारखान्याला पत्ता असतो, दारात निरीक्षक जाऊ शकतो. रात्री नाल्याकाठी उभ्या राहणाऱ्या टँकरला पहिल्यांदा पाहतो तो शेजारचा रहिवासी.

म्हणून सुरुवात त्याच्यापासून व्हावी. धोकादायक रसायनांचे टँकर कोणत्या रस्त्यांनी, कोणत्या वेळी जातील हे ठरवून जाहीर करावे. आपत्ती गटाच्या सभासदांची नावे आणि बैठकांची इतिवृत्ते पालिकेच्या फलकावर लागावीत. पाटी कशी वाचायची हे वाहतूक पोलिसांना, रिक्षाचालकांना आणि रस्त्याकाठच्या दुकानदारांना शिकवावे. अग्निशमन दलाची सराव कवायत कारखान्याच्या आवारात होते तशी भर चौकातही व्हावी. याला नवा कायदा लागत नाही. दरमहा व्हायची ती बैठक झाली आणि तिचा निरोप वस्तीपर्यंत पोहोचला, तरी बरेच होईल.