भिजकी वही

सप्ताहाच्या कीर्तनात एक वाक्य हमखास ऐकू येतं, शंका घेतली की देव लहान होतो. टाळकरी माना डोलावतात. वाक्य मलाही निम्मं मान्य आहे. देव लहान होतो खरा, पण कुठल्या शंकेनं?

तुकोबांच्या अभंगांच्या इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या तेराव्या दिवशी वर आल्या, असं परंपरा सांगते. त्यावर कुणी म्हटलं, ‘कागद कसला टिकतोय! अभंग लोकांच्या तोंडी होते, म्हणून तरले,’ की लगेच ओरड होते : यानं देवाची शक्ती कमी लेखली!

कमी कुणी लेखली? कागद राखणं हे देवाचं काम आणि बायाबापड्यांच्या ओठांवर अभंग बसवणं हे मात्र त्याचं नव्हे, अशी वाटणी करणाऱ्यानंच की. चाकणचे संताजी जगनाडे अभंग उतरवून घेत. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या. त्या ताडून १८६९ आणि १८७३ साली मुंबईत गाथेचे दोन खंड छापले गेले. त्याला पैसा दिला तो इंग्रज सरकारनं! (विठोबाला कुणाचंही वावडं नसावं.) हे सगळं माणसांच्या खात्यात आणि नदीतले तेरा दिवस तेवढे देवाच्या? चमत्कार दिसल्याशिवाय ज्याचा जीव थाऱ्यावर येत नाही, तो पुरावाच मागतोय. म्हणजे शंकाच ती, फक्त बुक्का लावून आलेली.

आता उघड शंका घेणारा पाहा. ते तेरा दिवस खुद्द तुकोबा अन्नपाणी सोडून शिळेवर धरणं धरून बसले होते. त्याआधी १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात दुकान बुडालं होतं, पहिली बायको अन्न अन्न करत गेली होती. हा माणूस विठ्ठलाला जाब विचारतो, भांडतो, वेळ पडली तर शिव्याही घालतो. पण धरणं धरतात कुणाच्या दारात? ज्याच्याकडे देण्यासारखं काही आहे, त्याच्याच. कफल्लकाच्या उंबऱ्यावर तेरा दिवस उपाशी कोण बसेल? तुकोबांच्या भांडणात देवाच्या ऐपतीबद्दल जेवढी खात्री आहे, तेवढी आमच्या माना डोलावण्यात नाही.

देहूच्या देवळात एक जुनी हस्तलिखित वही आहे. बुडवलेल्यांपैकीच ती एक, अशी श्रद्धा. तिला म्हणतात ‘भिजकी वही’. कोरडी नव्हे, भिजकी.