दूरध्वनीवरून व्यायामाची सोबत

मल्टिपल स्क्लेरोसिसने ग्रासलेले माणूस आपल्या घरी असेल, तर “तू काही करू नकोस, पडून राहा” असे आपण त्यास अनेकदा म्हटले असेल. ते मायेपोटीच निघते. पुष्कळ वर्षे वैद्यांचाही सल्ला असाच होता. या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणा मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंच्या आवरणावरच हल्ला करते. बहुधा २० ते ४० या वयात तो प्रकट होतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. श्रमाने काही रुग्णांची दृष्टी तात्पुरती अंधुक होते, असे जर्मन नेत्रवैद्य ऊथोफ यांनी १८९० मध्ये नोंदविले. पुढे श्रम म्हणजे अपाय, अशी समजूतच रूढ झाली.

तिला धक्का बसला तो १९९६ मध्ये. अमेरिकेतील यूटा येथे अशा रुग्णांना १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा व्यायाम देण्यात आला. दमसास व बळ वाढले. विकार मात्र बळावला नाही.

तेव्हा व्यायाम करावा की नाही, हा प्रश्न उरला नाही. तो नियमाने घडावा कसा, हा आहे. फिजिओथेरपिस्टकडे जाण्यायेण्यातच दिवसाची शक्ती खर्च झाली, तर व्यायामाला काय उरणार? येथे दूरध्वनी उपयोगी पडतो. सिएटल येथील एका प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. एका प्रत्यक्ष भेटीनंतर तीन महिन्यांत अवघे पाच दूरध्वनी. तरीही रुग्णांची हालचाल वाढली आणि थकव्याचा जाच कमी झाला. मार्गदर्शकाने हुकूम सोडले नव्हते. रुग्णाला काय साधावेसे वाटते, हे विचारून त्यातूनच कार्यक्रम ठरविला होता. मला यातील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. “या आठवड्यात का केले नाहीत?” असे दरडावणारा आवाज दुसऱ्या खेपेस कोणी उचलणार नाही.

आपल्या घरी हे आरंभावयाचे असेल, तर प्रथम मेंदूविकारतज्ज्ञांची अनुमती घ्या आणि फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष तपासणी करवून घ्या. पुढे चित्रसंवाद चालेल. फोन असा ठेवा की पावले दिसतील. तोल सांभाळण्याचे व्यायाम ओट्याला धरून, घरातील कोणी जवळ असतानाच व्हावेत. घरचा पत्ता व शेजाऱ्यांचा क्रमांक मार्गदर्शकापाशी असू द्या. खुर्चीवरून उठणे-बसणे दहा वेळा, मग विसावा, असा आरंभ पुष्कळ झाला.

नागपूर किंवा हैदराबादच्या उन्हाळ्यात वेळ पहाटेचीच धरावी. पंखा चालू, मानेवर ओले फडके. अंग तापल्याने वाढलेली लक्षणे ते निवल्यावर ओसरतात. परंतु नवे लक्षण २४ तास टिकले, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना कळवावे.

आणि ज्या दिवशी “आज होत नाही” असे उत्तर येईल, त्या दिवशीचाही दूरध्वनी चुकवू नये. पाच मिनिटे बोलून पुढचा वार ठरवावा.