पांढरा दिवा मेहेरबानीचा नको

भाट्याच्या खाडीत ओहोटीला तिसऱ्या काढणाऱ्या बायका किती तरी वेळ उकिडव्या बसतात. मासळी साफ करायची, अंगण सारवायचे, सगळीकडे गुडघे मोडून बसणे आलेच. ती किती खाली बसली हे कुणी मोजत नाही. मोजतात ते पॉवरलिफ्टिंगमध्ये. स्त्रियांच्या अंकात हा विषय कशाला, असे काही मैत्रिणींना वाटेल. पण बाईच्या ताकदीचे माप कोण घेतो आणि कसे, हा प्रश्न आपलाच आहे.

नियम साधा आहे. खांद्यावर दांडी घेऊन खाली बसताना, खुब्याच्या सांध्यापाशी मांडीचा वरचा भाग गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली गेला पाहिजे. पंच तीन, एक समोर आणि दोन बाजूंना. दोघांनी पांढरा दिवा दिला की उचल ग्राह्य. संधी तीनच. तिन्ही हुकल्या तर बेंच प्रेस आणि डेडलिफ्टमध्ये कितीही जोर लावा, एकूण वजनाच्या निकालातून तुम्ही बाद. समोरच्या पंचाला ही खोली नीट दिसत नाही, ती बाजूने आणि खाली बसूनच दिसते. बाजूची खुर्ची उंच ठेवली, किंवा आधाराला उभा असलेला माणूस मध्ये आला, की उरतो तो अंदाज.

आणि अंदाजात दया शिरते. लहान स्पर्धांतून ‘पोरगी आहे, देऊन टाका’ हे वाक्य ऐकू येते. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतोही. पण चार बोटे वर राहिलेल्या बैठकीला जिल्ह्यात टाळ्या मिळाल्या, की तीच मुलगी राज्य पातळीवर तीन लाल दिवे घेऊन परत येते. तिथे तिला कुणी सांगत नाही की फसवणूक आधीच झाली होती. आंतरराष्ट्रीय महासंघ 1972 मध्ये स्थापन झाला, आणि स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा 1980 मध्ये अमेरिकेतील लोवेल येथे भरली. ऑलिंपिकच्या वेटलिफ्टिंगमध्ये बायकांची दांडी 15 किलोची, पुरुषांची 20 ची. पॉवरलिफ्टिंगमध्ये दोघांनाही 20 चीच. दांडीत सूट नाही, मग खोलीत कसली?

कपड्यांचे प्रकरण जास्त अवघड. खुब्याची घडी दिसावी म्हणून अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख लागतो. घरचे म्हणतात, असले कपडे घालून चारचौघांत वाकायचे? मग मुलगी ढगळ पँट आणि लांब सदरा घालून उतरते, आणि पंचाला काहीच दिसत नाही. यात लाज मुलीची नसते, बघणाऱ्या नजरेची असते, हे आपण वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत. पण तेवढे बोलून ती मुलगी व्यासपीठावर पोचत नाही. वेटलिफ्टिंगमध्ये 2011 साली कुलसूम अब्दुल्ला या पाकिस्तानी-अमेरिकन खेळाडूने अंग झाकणाऱ्या पोशाखाची मागणी लावून धरली. कोपर आणि गुडघे सरळ झाले की नाही हे पंचांना दिसले पाहिजे, ही अडचण होती. अंगाला घट्ट बसणारा पूर्ण पोशाख हा तोडगा निघाला आणि जागतिक महासंघाने नियम बदलला. म्हणजे झाकणे आणि मोजणे यांचे भांडण सुटू शकते, मागणारी हवी.

वजन घेण्याच्या खोलीचेही तसेच. तिथे मुली जवळजवळ उघड्या अंगाने काट्यावर उभ्या राहतात. त्यांचे वजन बायकांनीच घ्यावे आणि त्यासाठी जादा स्त्री पदाधिकारी नेमता येतात, अशी सोय नियमांतच आहे. पण स्त्री पंचच नसतील तर ती सोय कागदावर राहते. पंच व्हायला स्वतः शंभर किलो उचलावे लागत नाहीत. नियम पाठ हवेत, नजर सरावलेली हवी आणि लाल दिवा देण्याची हिंमत हवी. खेळ सोडलेल्या, लग्न होऊन घरी बसलेल्या कितीतरी जणींकडे ही नजर आहे. त्यांना कुणी विचारत नाही.

तेव्हा तुमच्या भागात मुलींची स्पर्धा ठरली की संयोजकांकडे दोघी-तिघींनी मिळून जा. बाजूच्या खुर्च्यांवर कोण बसणार, त्या किती उंच, आणि वजनकाट्याच्या खोलीत कोण असणार, एवढे विचारून या.