विरोध नसला तरी पुरावा हवाच

"सामनेवाला हजरच झाला नाही, मग पुरावा कशाला?" एकतर्फी घटस्फोटाबद्दल हा सवाल बाररूमपासून नातेवाइकांच्या बैठकीपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. उसनवारीच्या दाव्यात प्रतिवादी फिरकला नाही तर दावा बहुधा झटपट निकाली निघतो. घटस्फोटातही तसेच व्हावे, असे म्हणणाऱ्यांना हिंदू विवाह कायद्याचे कलम 23 आडवे येते. विरोध होवो वा न होवो, न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय हुकूमनामा नाही, असे 1955 पासून त्यात लिहिलेले आहे. याला अडवणूक म्हणणे मला मान्य नाही.

गैरहजेरी तयार कशी होते ते पाहा. बायको माहेरी, समन्स सासरच्या पत्त्यावर. बेलिफाचा शेरा: 'घर बंद'. मग समन्स दारावर डकवायचे, कोणी वाचत नाही अशा दैनिकात जाहीर नोटीस द्यायची, की झाला एकतर्फी चौकशीचा आदेश. अर्जदार सरतपासाच्या प्रतिज्ञापत्रात लिहितो, 'दोन वर्षांहून अधिक काळ तिने मला सोडले आहे.' उलटतपास घ्यायला कोणी नाही. तिला घराबाहेर कोणी काढले, हे विचारणारा एकटा न्यायाधीश उरतो. पुढे हुकूमनामा रद्द करून घेता येतो, खरे. पण तिच्या कानावर येईपर्यंत अपिलाचे 90 दिवस उलटून नवऱ्याने दुसरे लग्न उरकले असेल, तर ती सोय काय चाटायची?

दोघे राजी असतानाही पुरावा मागितला तर लोक खोटी भांडणे रचतात, हा दुसरा आक्षेप वजनदार आहे. पण 1976 मध्ये कलम 13-ब आले आणि राजीखुशीच्या अर्जात दोषारोपाची गरजच संपली. वर्षभर वेगळे आहोत, एकत्र नांदणे शक्य नाही, दोघे राजी आहोत, एवढे सांगायचे. वेगळे राहायला दुसरे घरही लागत नाही. एका छपराखाली राहून नवरा-बायकोसारखे न वागणे पुरेसे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच सांगितले. तरी भाडेकरार जोडणारे जोडतातच!

राजीखुशीच्या अर्जानंतरच्या सहा महिन्यांच्या प्रतीक्षेचे समर्थन मात्र मी करणार नाही. ती सक्तीची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या अमरदीप सिंग निकालाने ठरले आहे. दीड वर्ष वेगळे राहून पोटगी आणि मुलांचा ताबा मिटवलेल्यांना ताटकळत ठेवून काय साधते? त्यापेक्षा न्यायाधीशाने दोघांना एकेकटे बोलावून विचारावे: सही कोणाच्या सांगण्यावरून केली, स्त्रीधन हातात पडले का, धनादेश वटला का. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, हेही तेव्हाच सांगावे. वकिलाने सांगितले असेलच असे नाही.